खुनी कशी सापडते

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझ्या थोरल्या बहिणीला मी फ्रॉकमध्ये असल्यापासून माहीत आहे. ताई अमेरिकेत, मी लंडनच्या ईलिंगमध्ये. आमच्याकडे रेडिओवर खुनाचं नाटक लागलं की काही आठवड्यांनी तिच्या गावचं रेडिओ स्टेशन तेच पुन्हा लावतं. "आमचं शिळं खाता तुम्ही," मी चिडवते. "शिळं नाही गं, मुरलेलं!" ती म्हणते. मोबाइलवर ते आधीही ऐकता येतं, पण ताईच्या मते ती कॉपी झाली.

भावोजी असताना दोघं स्वयंपाकघरात बसून ऐकायची. भावोजींना खुनी आधी ओळखू यायचा, पण ते ताईला मुद्दाम भलत्याच माणसामागे लावून द्यायचे. ते गेल्यावर कित्येक महिने तिने रेडिओला हात लावला नाही. मग हळूहळू भावोजींची जागा फोनवर मला मिळाली. दर रविवारी ती अंदाज बांधते, मी जीभ आवरून बसते. तेवढा वेळ ती पूर्वीसारखी हसते, आणि ते मला फार हवं असतं.

या वेळी एका खेड्यातल्या पाद्र्याला कुणीतरी चहातून विष दिलं होतं. शेवटच्या भागाआधी संशयित दोनच उरले: गावातले डॉक्टर आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई. ताई रंगात आली होती. मीही आले, आणि बोलून गेले, "अगं, शेवटी खुनी कशी सापडते ते ऐकच तू!"

कशी सापडते! इंग्रजीत मर्डररबद्दल हवं तेवढं बोला, बाई की बुवा, पत्ता लागत नाही. आपल्या मराठीत क्रियापदच चुगली करतं.

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिचा रविवार घालवला मी.

माझी लेक जेवायला आली होती. इथेच जन्मलेली, इथेच नोकरी करणारी. तिच्या मराठीत टेबल कधी 'तो' असतं, कधी 'ती'. फोन स्पीकरवर होता. हातातली पोळी ताटात टाकून ती ओरडली, "मावशी, आईचं नको ऐकू, शी'ज टोटली कन्फ्यूज्ड! मी पण ऐकला ना ते प्ले. खुनी पकडला, मग ती रडला, मग तो सॉरी म्हणाली!"

"अगं, तो की ती?"

"हो ना, एक्झॅक्टली!"

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. लेक नेहमीसारखी चुकली की मुद्दाम, हे मला अजून कळलेलं नाही. एरवी मी तिचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करते. त्या दिवशी ओठांवर आलेलं पाण्याबरोबर गिळलं.

"ह्यांच्यानंतर मला असं फसवणारं आज पहिल्यांदा भेटलं," ठसका थांबल्यावर ताई मला म्हणाली. "हिचं मराठी सुधारू नकोस हं. आणि पुढच्या रविवारी फोन हिच्याकडे दे."