गोजरबाईची आखूड चिलीम

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या काळची गोष्ट. जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी गोजरबाई कुंभारीण राहायची. नवरा गेला आणि चाक बंद पडलं, कारण चाकाला बाईनं हात लावायचा नाही अशी रीत. मग ती निमुळत्या लाकडी खुंटीवर माती थापून चिलमी करू लागली. चांगली वीतभर लांब चिलीम. तेवढी वाट चालून येईतो धूर निवायचा, घशाला झोंबायचा नाही. म्हातारी माणसं तिचीच चिलीम मागायची.

गावातला म्हातारा उकंडराव मात्र एकदा म्हणाला, "माये हात कापतात वं. लांब चिलीम पेलत नाई. मले आखूड करून दे, अन् तोंड रुंद ठेव."

तिनं करून दिली. नाल्यातली चिकण माती संपली होती, म्हणून मसणवट्याच्या कडेची टोपलीभर उचलून आणली होती. ते मात्र कोणाजवळ बोलली नव्हती.

चिलीम नेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारची पिंजाऱ्याची नसीमा धावत आली. "गोजरबाई, उकंडराव चिलीम वढता वढता पडला! डोये पांढरे केले. तुनं करनी केली म्हनतात. सारे इकडंच येऊन राह्यले. निंघ मागच्या दारानं!"

गोजरबाई मागच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. पळावं तर करणी खरी ठरणार. न पळावं तर झिंज्या धरून वेशीबाहेर काढतील. आणि त्याहून मोठं भेव पोटात होतं, जे नसीमालाही सांगवेना. त्या मातीसंगं खरंच काही आलं असलं तर?

तोवर अंगण माणसांनी भरलं. उकंडरावचा लेक भगवानराव पुढं होता, हातात तीच चिलीम.

"काऊन वं, काय घातलं हिच्यात? बोल!"

"काई नाई घातलं जी." गोजरबाई पुढं आली. "भरा ती. तुमचाच तंबाखू, तुमचाच इस्तो. मी वढतो."

भगवानरावनं आपला तंबाखू भरला, वर विस्तव ठेवला. गोजरबाईनं डोळे मिटले आणि जोरानं झुरका घेतला. तोंडात जाळच शिरला. घसा भाजला, कानशिलं ठणकू लागली. दुसऱ्या झुरक्याला अंगण गरगरलं आणि ती भुईवर बसली. मेलोच आपण, असं तिला वाटलं. कोणी पुढं येईना. नसीमानंच तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं. ते सारं उलटून पडलं तेव्हा कुठं तिला दिसू लागलं.

"करनी नाई जी," ती कशीबशी म्हणाली. "आखूड हाय. इस्तो अन् मानसाचं तोंड, मधात चार बोटं जागा नाई. धूर निवतच नाई. बुढ्यानं काई खाल्लं व्हतं का?"

भगवानराव घुटमळला. "काल एकादस व्हती. कालपासून पोटात कन नाई."

"खोटं सोंग हाय तिचं," मागून कोणी तरी ओरडलं. "बुढा मेला त मंग पाहू!"

ती संध्याकाळ गोजरबाईनं उकंडरावच्या ओट्याखाली बसून काढली. आत भांडं वाजलं तरी ती उठून उभी राहायची. दिवेलागणीला म्हाताऱ्यानं डोळे उघडले, इकडंतिकडं पाहिलं आणि पुटपुटला, "मायी चिलीम कोठी हाय बे?"

लोक हसले. गोजरबाईला मात्र रडू फुटलं.

उरलेली माती तिनं दुसऱ्या दिवशी नाल्यात सोडली. उकंडरावला पुन्हा लांबच चिलीम दिली, सोबत ती टेकवायला बाभळीच्या दोन फाट्यांची दुबेळकी. पण गावचा संशय लवकर जाईना. बाजारात तिच्यासमोर चिलमी तशाच पडून राहायच्या. शेवटी नसीमाचा नवरा रहेमतुल्ला भर बाजारात तिच्यापुढं मांडी घालून बसला, एक चिलीम उचलून भरली आणि ओढू लागला. माणसं गोळा झाली. त्यानं नाकातून धूर सोडला आणि हसत म्हणाला, "पाहा, जिता हावो ना मी?"

कोणती चिलीम कोणत्या मातीची, हे गोजरबाईला आता सांगता आलं नसतं. तो उठून चालता होईपर्यंत तिनं श्वास सोडला नव्हता.