स्टोअरमधले हवालदार

"जमीन देखा क्या, साब?"

ड्रॉइंग घेऊन आलेल्या कुठल्याही इंजिनिअरला आमचे हवालदार हा एकच प्रश्न विचारत. विचारताना हात मागे बांधलेले, आणि नजर कागदावर नसे, समोरच्याच्या बुटांवर असे. बूट स्वच्छ दिसले की उत्तराची वाट न बघता ते आपल्या कामाला लागत.

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या फॅब्रिकेशन यार्डात ते टूल स्टोअर सांभाळत. श्रीलंकेचे, सिंहली. तिथल्या सैन्यात वीस वर्षं काढून, सार्जंट होऊन इकडे आलेले. सार्जंटचा हवालदार कोणी केला ठाऊक नाही, बहुधा आमच्यातल्याच एखाद्या रत्नागिरीकराने. माणसाला टोपणनाव ठेवल्याशिवाय आपल्याला चैन कुठे पडते?

मी प्लॅनिंगला. बायको-मुलीसह मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचो आणि एसी केबिनमधून यार्ड चालवायचो. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायचो, तेही उंटांच्या देशात. आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात क्रेन कुठे उभी करायची याचा मी झकास नकाशा काढला. हवालदारांनी त्यांचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, सगळं कागदावर आहे. दुसऱ्या दिवशी क्रेनचं चाक रुतलं ते संध्याकाळपर्यंत निघालं नाही. तिथली खारट जमीन वरून फरशीसारखी दिसते आणि आत चिखल असतो. हवालदार मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी चहा आणून दिला, त्यात साखर नेहमीपेक्षा जास्त होती.

हा प्रश्न त्यांच्या तोंडी कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांच्या देशातलं युद्ध आपसातलं, सिंहली सैन्य आणि तमिळ बंडखोरांचं, घरातलंच. एका पहाटे त्यांच्या तुकडीला ओढा ओलांडायचा हुकूम आला. हुकूम देणारे साहेब बरेच मागे, तंबूत. नकाशात ओढा कोरडा होता. प्रत्यक्षात पाणी गळ्यापर्यंत. "साब खराब आदमी नहीं था," हवालदार म्हणाले, "नक्शा अच्छा पढ़ता था." त्या ओढ्यात किती जण राहिले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एका दिवाळीला त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. सैन्यात होते हे कळल्यावर माझी सात वर्षांची मुलगी थेट म्हणाली, "अंकल, डिड यू किल समवन?" बायकोने कपाळाला हात लावला. हवालदारांनी चकलीचा तुकडा नीट चावून संपवला आणि म्हणाले, "नो बेबी. आय वॉज स्टोअरकीपर." मुलीचा पुरता हिरमोड झाला.

मग २००८ ची मंदी आली. दुबईतली कामं बघता बघता थांबली. आमच्याकडे तयार झालेले गर्डर उचलायला कोणी येईना. जीएमनी मला चौदा माणसांची नावं काढायला सांगितली. मी एक्सेल उघडलं, कॉन्ट्रॅक्ट संपत आलेले लोक वर घेतले आणि अर्ध्या तासात मोकळा झालो. लवकर झालं म्हणून मला बरंही वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

यादीची एक प्रत स्टोअरला जायची. माणूस घरी पाठवण्याआधी त्याने हत्यारं परत केली आहेत अशी स्टोअरची सही लागे. त्या सहीशिवाय तिकीट निघत नसे. यादी मिळाली आणि हवालदार प्रथमच माझ्या केबिनमध्ये आले. सावधानमध्ये उभे राहिले.

"ये आदमी लोग देखा क्या, साब?"

त्यांनी सहाव्या नावावर बोट ठेवलं. सेल्वा. श्रीलंकेच्याच उत्तर भागातला तमिळ वेल्डर, पंचविशीतला, अबोल. त्याची आई एकटी होती आणि तिचं गाव नेमकं त्या पट्ट्यात होतं जिथे युद्धाची शेवटची लढाई पेटली होती. सैन्य चारी बाजूंनी पुढे सरकत होतं. डिसेंबरपासून तिचा फोन नव्हता. हा इथून गेला तर उतरून जाणार कुठे? आणि आईने कधी फोन केलाच, तर तिच्याजवळ एकच नंबर होता, आमच्या कामगारांच्या कॅम्पमधला.

हे सगळं हवालदारांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. नंतर जाता जाता म्हणाले, की त्यांचा मुलगाही तिथेच आहे. पुढे सरकणाऱ्या सैन्यात.

मी म्हटलं, नाव आता निघणार नाही, जीएमची सही झाली आहे. ते मान हलवून गेले.

त्यानंतर सेल्वाचा लोखंड घासायचा एक ग्राइंडर हरवला. रजिस्टरमध्ये त्याच्या नावावर होता, स्टोअरमध्ये नव्हता. बाकीचे तेरा गेले. सेल्वाचा कागद अडला. काम नाही, पगार नाही, पण कॅम्पातली कॉट आणि मेसचं जेवण चालू राहिलं. जीएम चिडले, म्हणाले, एका ग्राइंडरसाठी काय माणूस ठेवून घ्यायचा? हवालदार गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सर, कंपनी का सामान है. मिलेगा, इन्शाल्ला." एक बौद्ध माणूस इतक्या श्रद्धेने इन्शाल्ला म्हणताना मी दुसरा पाहिला नाही.

मार्चमध्ये मी चहा घ्यायला स्टोअरमध्ये गेलो, तेव्हा साखरेच्या डब्यामागे फडक्यात गुंडाळलेला ग्राइंडर मला दिसला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या संध्याकाळी जीएमनी मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, शोध चालू आहे. नोकरीत मी केलेल्या मोजक्या बऱ्या कामांत हे खोटं धरतो.

ते महिने हवालदारांना जड गेले. कॅम्पातला फोन वाजला की ते आणि सेल्वा दोघंही मान वर करत. एकाला मुलाची खबर हवी होती आणि दुसऱ्याला आईची. लढाई एकच होती. दोघं एकाच बाकावर जेवत, पण बोलत नसत.

मे महिन्यात लढाई संपली. मेसमध्ये काही सिंहली मुलांनी सणासुदीला करतात तो नारळाच्या दुधातला भात शिजवून वाटला. हवालदारांचा मुलगा जिवंत होता, फोन आला होता. तरी त्यांनी भाताची थाळी तशीच ठेवली आणि स्टोअरमध्ये जाऊन बसले. सेल्वा त्या दिवशी जेवायलाच आला नाही.

दुसऱ्या दिवशी ग्राइंडर सापडला. पण तोवर आम्हाला एक नवं काम मिळालं होतं, वेल्डर हवे होते. सेल्वाचं नाव मी स्वतः शेडमध्ये जाऊन, त्याला सांगून खोडलं. जूनअखेर त्याला एक फोन आला. तो बाहेर जाऊन बोलला, परत आला आणि कामाला लागला. चेहऱ्यावरून काही कळेना. विचारायची कोणाची छाती झाली नाही.

जुलैत हवालदार पुन्हा केबिनमध्ये आले. म्हणाले, पुढच्या यादीत माझं नाव घाला. मुलगा घरी आला होता, पण जेवताना भिंतीकडे बघत बसायचा, आईशीही बोलत नव्हता. "उसको मालूम नहीं किसको बोलना है. मेरे को मालूम है," ते म्हणाले. मी नाव घातलं.

निघायच्या दुपारी कंपनीची बस गेटवर लागली. सेल्वाने त्यांची बॅग वर चढवली. हवालदार त्याला तमिळमध्ये काहीतरी म्हणाले, अडखळत, पाठ केलेलं म्हटल्यासारखं. सेल्वा दोन-चार वाक्यं बोलला आणि झटकन शेडकडे निघून गेला.

मी विचारलं, तुम्हाला तमिळ येतं?

"बीस साल फौज में दो ही बात सीखा था, साब. हाथ ऊपर. बाहर निकलो." पुढे म्हणाले, "तीसरा इधर सीखा, मेस के कुक से. तेरी माँ कैसी है. मार्च में सीखा. पूछा आज."

चार महिने त्यांना धीर झाला नव्हता. उत्तर वाईट असतं तर ते त्यांच्या पोराच्या बंदुकीपर्यंत गेलं असतं, हे मला तेव्हा उमगलं.

"काय म्हणाला?" मी मराठीतच विचारून बसलो. त्यांना कळलं.

"बोला, माँ उधर रिफ्यूजी कैंप में है. आँख चला गया." मग म्हणाले, "लेकिन बोला, माँ फोन पे उसका आवाज पहचाना."

ड्रायव्हरने यल्ला, यल्ला म्हणत निघायची घाई केली. हवालदार वर चढले, पहिल्याच सीटवर बसले आणि रडू लागले. बस गेटमधून बाहेर पडली तेव्हाही ते रडतच होते.