घंटीचं टोक

चामोर्शीच्या बाजारात वाळल्या मोहफुलांचा वास आला, की मला एक चार्ट आठवतो आणि अजून डोकं फिरतं. तेव्हा मी जंगलपट्ट्यातल्या एका कचेरीत संगणकावर बसायचो आणि खिडकीबाहेर अंगणभर मोह वाळत असायचा. पाच वर्षांच्या मुलांची वजनं मी एक्सेलमध्ये टाकली, कोणत्या वजनाची किती मुलं ते काढलं, तर चार्टवर दोन उंचवटे उठले. उजवीकडे बाजारगावातली मुलं, डावीकडे जंगलातल्या गावांची हलकी मुलं, आणि मधे निव्वळ खड्डा. साहेब भडकले, "हे दोन ढिगारे काऊन दिसून राह्यले? वरून आलेल्या नमुन्यात तं घंटीसारखी एकच रेघ हाय!" मी म्हटलं, "साहेब, पोरंच दोन तऱ्हेची हायत." "पोराईचं नको सांगू मले, घंटी काढ!" अहो, सरासरी आणि फैलाव दिला की एक्सेलमधलं घंटीचं सूत्र सरासरीवर टोक ठेवून माझ्या चपलांच्या मापांचीही घंटी काढून देईल, हे सांगून माझा घसा बसला. शेवटी त्यांनीच माउस ओढला, सूत्र टाकलं, दोन्ही उंचवटे पुसले आणि गुळगुळीत घंटी पाहून म्हणाले, "आता कसं!" वरून शाबासकीही आली. आजही कोणी तसा सुबक चार्ट दाखवला, की मी आधी त्याचं टोक बघतो. आमच्या घंटीच्या टोकाखाली, जिथे सगळ्यात जास्त मुलं दाखवली होती, तिथे एकही मूल नव्हतं.