पत्रकातला कप

मी कॅज्युअल्टीत डॉक्टर आहे आणि मेंदूच्या स्कॅनवर संशोधन करते. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर मी एकच प्रश्न विचारते: कधी सुरू झालं? लकवा झालेल्या माणसाच्या मेंदूतली गुठळी विरघळवणारी सुई साडेचार तासांच्या आतच द्यायची असते. त्यानंतर दिली तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका फार.

लोक उशिरा येतात म्हणून चिडून मी पत्रक लिहिलं. सवय जुनीच, वसतिगृहात पाणी यावं म्हणून लिहायचे तेव्हापासूनची. वर चित्र: हातातून पडणारा चहाचा कप. खाली ठळक: ‘साडेचार तासांनंतर ही सुई मिळत नाही.’ गुलमंडीच्या बाजारात वाटलं, चिकलठाण्यात शिफ्ट सुटताना कंपन्यांच्या गेटवर वाटलं.

मग एका सकाळी, बाराच्या आत, कंपनीचा शर्ट घातलेला एक जण आईला रिक्षातून घेऊन आला. बाईंचं तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा हात लुळा, वाचा बंद.

“कधी झालं?”

“दहाला, म्याडम. चहा पीत व्हती. कप पडला हातातून.”

मी खूश झाले. लाज वाटते, पण झाले. माझं पत्रक पोचलं होतं.

बाईंच्या हाताला तेलाचा आणि कापराचा वास येत होता. दहाला लकवा, मग मालिश, आणि तरी बाराच्या आत इथं? हा प्रश्न डोक्यात आला आणि मी तो विचारला नाही. स्कॅनमध्ये एका जागी करडा रंग किंचित गढूळ वाटत होता, लकव्याला बरेच तास झाले की दिसतो तसा. आमच्या विभागाच्या मुख्य सरांनी त्यावर बोट ठेवलं. “वेळ पक्की आहे ना?”

“पक्की, सर.”

मुलाला धोका समजावला, त्यानं सही केली, मी सुई दिली.

संध्याकाळी बाई डोळे उघडेनात. दुसरा स्कॅन केला. ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं. मेंदूची अख्खी डावी बाजू पांढरी होती.

बाहेर बाकावर मुलगा बसला होता. मी सांगितलं.

“पहाटंच झालं व्हतं,” तो म्हणाला. “उठली तवाच तोंड वाकडं. मावशी म्हणली, आधी मालिशवाल्याकडं न्या. तिथंच दहा वाजले.”

“मग मला खोटं का सांगितलंत?”

त्यानं खिशातून चार घड्या घातलेलं माझं पत्रक काढलं. “खरं सांगितलं असतं तर सुई दिली असती का?”

“नाही.”

“मग?”

या शहरातल्या कुठल्याही सरकारी खिडकीवर उभे राहा. खरं बोलणाऱ्या गरिबाला ‘वेळ संपली, उद्या या’ हेच ऐकायला मिळतं. खिडकीला हवं असलेलं उत्तर द्यायचं, तरच काम होतं, हे त्याला आपणच शिकवलंय. आणि मी पत्रकातून दवाखान्याला आणखी एक खिडकी पाडली. वर वेळही छापली.

“सुईनंच झालं का?” त्यानं विचारलं.

“हो. आणि मला तेलाचा वास आला होता. मी विचारलं नाही.”

“वास आला व्हता तुमाला?”

एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी बाई गेल्या.

त्यांचे दोन्ही स्कॅन माझ्या संशोधनात आहेत. ‘सुरुवातीची वेळ’ या रकान्यातले दहा मी खोडले आणि ‘पहाटे, झोपेत’ असं लिहिलं. उरलेली पत्रकं कपाटात टाकली आणि नवीन लिहायला बसले. ‘कितीही उशीर झाला तरी या. खरी वेळ सांगा. कुणालाही परत पाठवणार नाही.’

सरांनी वाचलं. “शेवटची ओळ आपल्या हातात आहे का?”

नाही. उशिरा आलेल्याला ‘बेड नाही’ अशी चिठ्ठी देऊन दुसरीकडं पाठवतात, हे मी रोज बघते. त्या चिठ्ठ्यांवर कधी कधी माझीही सही असते.

ती ओळ काढली तर लोक पुन्हा खोटं बोलतील. ठेवली तर खोटं मी बोलेन. पत्रक अजून छापायला दिलेलं नाही. आता वेळ विचारण्याआधी मी रुग्णाचा हात हातात घेते आणि वास घेते.