मीठ-बर्फातला ट्रान्झिस्टर

नव्वदीच्या दशकात माझं पोस्टिंग काश्मीरच्या एका उंच भागात होतं. ट्रेड रेडिओ मेकॅनिक, रँक नाईक. आमचे काही वायरलेस सेट माझ्याहून वयाने मोठे. सुटीवर निघायच्या आदल्या दिवशी वरच्या पोस्टचा एक सेट वर्कशॉपला आला. आतला जुना जर्मेनियम ट्रान्झिस्टर जळाला होता. तसले बनणं कधीच बंद झालं होतं. डेपोला विचारावं, तर नन्नाचा पाढा.

सेट घेऊन आला होता त्या पोस्टचा ऑपरेटर, लान्स नाईक रामू गावित, सुरगाण्याचा.

"उस्ताद, वर आता एकच सेट. तोही खोकतो."

"सुटीत शोधतो पार्ट."

"शोधा. आणि येताना तुमच्याकडची अर्नाळ्याची सुकट आणा."

मेलेला ट्रान्झिस्टर आणि सर्किटचा कागद खिशात घालून मी गोखिवऱ्याला घरी आलो. वीस दिवसांची सुटी, त्यातले अठरा दिवस वणवण केली. कारखान्यांचे गाळे पालथे घातले, भंगारवाले झाले, लॅमिंग्टन रोडचा रेडिओ-पार्टचा बाजार झाला. नंबर सांगितला की दुकानदार हसायचे. बायको म्हणाली, "सुटीवर आलात की ड्युटीवर?" बरोबरच होतं तिचं.

शेवटी माणिकपूरला मॅन्वेलकाका भेटले. सत्तरीपुढचे, रेडिओ दुरुस्तीचं चिंचोळं दुकान. आजही ते दुकान आठवलं की सोल्डरचा वास येतो. कागद पाहून म्हणाले, "नंबर कशाला शोधतो? तो काम काय करतो ते बघ. तेच काम करनारा दुसरा घे." आणि ड्रॉवरमधून नवा सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर काढला. मी तिथेच कागदाप्रमाणे सर्किट जोडलं, बॅटरी लावली. स्पीकरमधून स्वच्छ शिट्टी आली. मी बॅग उचलली. संध्याकाळी माझी गाडी होती.

"कुठं चालला? तुझ्या तिकडं थंडी किती?"

"उणे पंधरा."

"आनि इथं घामाच्या धारा. बस खाली."

काकांनी समोरच्या मासळीवालीकडून बर्फ आणला, त्यात मिठागरातलं जाडं मीठ कालवलं. मिठाने बर्फ आणखी गार होतो. सर्किट पिशवीत बांधून डब्यात पुरलं. पाच मिनिटांत शिट्टी बारीक झाली आणि बंद पडली. हेच घेऊन मी वर गेलो असतो. सिलिकॉनला सुरू व्हायला जास्त व्होल्टेज लागतं, थंडीत आणखी. हे मला पाठ होतं. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दोन रेझिस्टर बदलून सर्किट पुन्हा डब्यात घातलं. अर्धा तास शिट्टी थांबली नाही. गाडी मात्र चुकली. एक दिवस उशिरा हजर झालो आणि सुभेदारसाहेबांची बोलणी खाल्ली.

सेट दुरुस्त होऊन रामूबरोबर वर गेला. सुकटही गेली.

दोन महिन्यांनी, १५२० अवर्सला, म्हणजे दुपारी तीन वीसला, त्या पोस्टवर बर्फाचा कडा कोसळला. मी खाली कंट्रोलच्या सेटशेजारीच होतो. मी दुरुस्त केलेल्या सेटवरून रामूचा स्वच्छ आवाज आला.

"तीन जण गाडले गेलेत. लंगरच्या मागे. ओव्हर."

"तू कसा आहेस? ओव्हर," मी विचारलं.

"लंगरच्या मागे खणा. ओव्हर."

बचाव पार्टीला पोचायला पन्नास मिनिटं लागली. तोवर तो जागा सांगत राहिला, लंगरच्या, म्हणजे पोस्टच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपासून पावलांच्या हिशेबाने. तिघंही जिवंत निघाले. रामू कंबरेपर्यंत तुळईखाली अडकलेला सापडला. स्वतःबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता. खाली आणताना वाटेत गेला.

पुढच्या सुटीत घरी न जाता आधी सुरगाणा गाठलं. त्याच्या वडिलांनी पाणी दिलं. मग त्यांनी विचारलं, "तो जे बोलला, ते सगळं ऐकू आलं तुम्हाला?"

"अक्षर न् अक्षर, बाबा."

ते नुसती मान हलवत राहिले. फौजेत मी कधी रडलो नव्हतो. त्या ओटीवर रडलो.