दाढीवाली नवरी

माझ्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा आणि आमच्या सोसायटीला लागून असलेल्या घरातली हळद नेमकी एकाच संध्याकाळी आली. पनवेलात हळद म्हणजे काय, हे ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको. मांडवात माणसाएवढे स्पीकर, आणि तेही थेट माझ्या खिडकीकडे तोंड करून! इकडे वर घरात लॅपटॉप उघडून ठेवलेला. थोड्याच वेळात त्यात उत्तरेकडच्या बर्फाळ देशातल्या परीक्षक बाई येणार आणि ज्या एका जुन्या कथेवर मी इतकी वर्षं डोकं फोडलं, तिचा निकाल लावणार. कपाळ माझं! तरातरा खाली उतरले.

खाली वेगळंच चाललेलं. नवरदेवाच्या मामाच्या अंगात गावदेवी आली होती. धिप्पाड माणूस, छातीपर्यंत दाढी, डोळे मिटून घुमत होता आणि अख्खा मांडव एकेक करून त्याच्या पाया पडत होता. मी मात्र हाताची घडी घालून बाजूला उभी. मी देवांचा अभ्यास करते, त्यांच्या पाया पडत नाही, असं मी घरीदारी सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात ऐकवलेलं होतं.

मामा शांत झाल्यावर नवरदेवाच्या आत्याला गाठलं. "आत्या, थोडा वेळ आवाज बंद ठेवा ना. माझी परीक्षा आहे."

"या वयात? कसली गो बाय?"

आता हिला काय सांगू? म्हटलं, सरळ गोष्टच सांगावी. "फार पूर्वी उत्तरेकडे एक दाढीवाला देव होता, मेघगर्जनेचा. त्याचा हातोडा एका राक्षसाने चोरला. म्हणाला, तुमची सगळ्यात देखणी देवी मला बायको म्हणून द्या, तरच परत करीन. देवी अशी भडकली! मग देवांनी त्या दाढीवाल्यालाच नवरी केलं. तोंडावर पदर, कमरेला चाव्यांचा जुडगा, आणि दिला धाडून लग्नाला!"

आत्याने तोंडाला पदर लावला. बायका गोळा झाल्या. मलाही चेव चढला. नवरीने पंगतीत अख्खा बैल आणि रावसांचा ढीग फस्त केला म्हटल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "आगो, ही नवरी हाय का आमचा मामा?" झालं! हसून हसून मुरकुंडी वळली सगळ्यांची. राक्षसाने लग्नाला आशीर्वाद म्हणून हौसेने नवरीच्या मांडीवर हातोडा ठेवला आणि तिने त्याच हातोड्याने वरपक्षाची दाणादाण उडवली, तिथे तर टाळ्याच पडल्या.

"बंद कर रं तो डीजे! पोरीची परीक्षा हाय," आत्या गरजली. माझा जीव भांड्यात पडला.

परीक्षा छान चालली होती. शेवटी परीक्षक बाईंनी चष्मा वर सरकवला. "तुम्ही म्हणता, ही कथा त्या देवाच्या भक्तांनीच रचली. मला वाटतं, त्याला न मानणाऱ्यांनी मागाहून टिंगल म्हणून रचली असेल. ज्याच्यापुढे डोकं टेकायचं, त्यालाच बायकांचे कपडे चढवून कोण हसेल?"

याच प्रश्नाला मी वर्षभर टरकून होते. सगळा प्रबंध त्या एका खुंटीला टांगलेला. तेवढ्यात खालून शिट्ट्या, आरोळ्या! खिडकी लावायला धावले, खाली बघितलं, आणि खिडकी लावायची सोडून लॅपटॉपच उचलून तिथे नेला.

मामा हिरवी नऊवारी नेसून लाजत मुरडत मांडवात येत होता. पदराखालून दाढी बाहेर. कमरेला आत्याच्या चाव्या. मांडीवर ठेवायला मांडवाचे खुंटे ठोकायचा हातोडा तयार. बायका त्याला हळद फासत होत्या आणि मामा "आई गो" करत होता.

"या माणसाच्या अंगात मघाशी देवी आली होती," मी एका दमात सांगितलं. "याच बायका त्याच्या पाया पडल्या होत्या."

"गोष्ट तुम्हीच सांगितलीत ना त्यांना?"

"गोष्ट माझी. हसू त्यांचं."

"याला पुरावा म्हणत नाहीत."

"नाहीच. ही माणसं वेगळी, काळही वेगळा. पण भक्त देवाला हसूच शकत नाहीत, एवढं तरी आता म्हणता येणार नाही."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसत होत्या हो त्या! "म्हणजे आत्ता तो देव आहे की नवरी?"

"मघाशी देव, आता नवरी, उद्या परत देव."

"अभिनंदन, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

चपला न घालताच जिने उतरले. "सुटलीस का गो?" आत्या ओरडली आणि माझ्या दोन्ही गालांना हळद चोपडली. मी नाचत नाचत मामासमोर आले आणि काय झालं कुणास ठाऊक, खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला. मामाने पदर सावरला, हातोडा हळूच माझ्या डोक्याला टेकवला आणि पुटपुटला, "सुखी रहा." वर बघितलं तर त्याच्या दाढीला हळदीचे गोळे लटकलेले. मला हसू आवरेना, आणि त्याच्या पायांवरचे हातही काढवेनात.