लाल गाडी, बिडाचा पंखा आणि ‘काटा किर्र’

निघण्याआधी माझी एक अट होती आणि विलासची एक. माझी अट अशी की गाडीला कुणी ‘खेळणं’ म्हणायचं नाही. त्याची अशी की तिसऱ्यांदा ती टोइंगच्या ट्रकवर बसून घरी आली, तर विकायची.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी नाशिकला दातांची डॉक्टर. विलास माझा नवरा, शाळेत भूगोल शिकवतो. गाडी सव्वीस वर्षांची, लाल, दोन दारांची, परदेशी. नाव मुद्दाम लिहीत नाही. मागच्या वेळी लिहिलं तर खाली कमेंटमध्ये लोक प्रवास सोडून इंजिनावरून भांडत बसले. पन्नाशी उलटल्यावर घेतली आणि ट्रॅकवर पळवायची म्हणून हळूहळू बदलत गेले. ब्रेकचे पॅड बदलले, टायर बदलले, मागची सीट काढून टाकली, पुढे चार पट्ट्यांचे बेल्ट बसवले. दोनदा ट्रॅकवर नेली. दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या फेरीला तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटखालून वाफ, आणि आम्ही ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसलेले.

गिऱ्हाईकही ठरलेलं होतं. निलेश हा विलासचा जुना विद्यार्थी, द्राक्षाच्या मळ्यात पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात त्याने. त्याला लाल गाडी हवी होती ती दारात उभी करून लोकांना फोटो काढू द्यायला, आणि मळ्यातून पहिल्या गिअरमध्ये एखादी चक्कर मारायला. त्याची एकच चौकशी असायची, गरम होत नाही ना? माझी गाडी, आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून कुणीतरी ओठांचा चंबू करणार.

तर दोष निघाला पाण्याच्या पंपात. आतला पंखा गंजून झिजला होता आणि तो आता कुठेच मिळत नाही. जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एकाने कोल्हापूरच्या इक्बालभाईंचा नंबर दिला. मी त्यांना फोनवर पाच मिनिटं रडगाणं ऐकवलं. पलीकडून एवढंच आलं, “मिळत न्हाय तर ओतू की.” त्या आठवड्याच्या रविवारी तिथे शहराबाहेरच्या छोट्या ट्रॅकवर हौशी लोकांसाठी दिवस ठेवलेला होता. मी दवाखान्याला सहा दिवस कुलूप लावलं, विलासने रजा टाकली.

बुधवार. पहाटे पाचला निघालो. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव झकास. मोकळ्या रस्त्यावर वारा लागतो तोवर ही गाडी गुणी बाळ असते. चाकणला ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि काटा चढायला लागला. अशा वेळी एकच उपाय, हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची धग आत येते, इंजिन वाचतं, माणसं भाजतात. डिसेंबर असला म्हणून काय झालं, चढत्या उन्हात हीटर म्हणजे हीटर. विलासने आधी स्वेटर काढला, मग घड्याळ काढलं, मग शेजारच्या टेम्पोवाल्याकडे असं काही पाहिलं की त्या बिचाऱ्याने पाण्याची बाटली पुढे केली. जुनी गाडी घेऊन या रस्त्याला येणार असाल तर चाकण सकाळी आठच्या आत पार करा. आम्ही नारायणगावला मिसळीच्या मोहात एक तास घालवला, त्याची शिक्षा भोगली.

खंबाटकीचा घाट ती न कुरकुरता चढली. कराडच्या पुढे रुंदीकरणाचं काम आणि उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे घाई करण्यात अर्थ नव्हता. एका ट्रॉलीमागे वीस मिनिटं चाललो. उसावर बसलेले तिघे गाडीकडे बघून आपसात काहीतरी बोलले आणि त्यातल्या एकाने सोललेलं कांडं आमच्याकडे फेकलं. ते थेट विलासच्या मांडीवर. कोल्हापूरला मंगळवार पेठेत पोचायला साडेचार झाले. तिथे एका घरगुती लॉजवर राहिलो. खोली साधी, पाणी कढत, पार्किंग म्हणजे मालकांच्या दोन म्हशींशेजारची जागा. म्हशींनी गाडीला काही केलं नाही, फक्त सकाळी आरशावर पोपट बसलेला होता.

गुरुवार. इक्बालभाई साठीचे, शर्टाच्या खिशात पेनऐवजी टेस्टर. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, कान लावला आणि मला सोडून विलासला म्हणाले, “पावणं, गाडी लई ग्वाड हाय.” मी म्हटलं, गाडी माझी आहे. त्यावर ते म्हणाले, मग तर अजून ग्वाड. तासाभरात पंप बाहेर निघाला. आतला पंखा बघून माझ्यातली डॉक्टर जागी झाली. किडलेली दाढ अशीच दिसते, कडा खाऊन गेलेल्या आणि मधे नुसता खुंट.

तो घेऊन शिरोली एमआयडीसीत गेलो, सिद्रामआण्णांकडे. हे लाकडाचे पॅटर्न करतात. म्हणजे आधी लाकडाचा पंखा कोरायचा, तो वाळूत दाबून साचा करायचा, आणि त्या साच्यात कारखान्यातलं वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. आण्णा मूळचे सीमेकडचे, बोलण्यात कानडी हेल. मला पहिल्या वाक्यापासून अक्का. सागवानाचा तुकडा घेऊन पट्टीने मापं टाकायला लागले. मी बाजूला उभी. आणि मला गप्प उभं राहता येत नाही हे माझे पेशंट सांगतील. पर्समधून बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर काढलं (हो, असतं माझ्या पर्समध्ये) आणि त्यांची खूण मोजली. पट्टीवर सत्तर मिलिमीटर, व्हर्निअरवर सत्तर पूर्णांक सात. मी त्यांना नम्रपणे, म्हणजे मला वाटलं त्या नम्रपणे, सांगितलं की तुमची पट्टी चुकीची आहे, नवी घ्या.

आण्णांनी चष्मा कपाळावर घेतला. “अक्का, ही बिडाची पट्टी हाय. बीड गार झालं की आकसतंय. म्हणून आमचं सत्तर तुमच्यापेक्षा मोठं.”

शंभराला एक, एवढं आकसतं. म्हणून या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर मुळातच किंचित ताणलेला असतो, आणि ॲल्युमिनियमसाठी पट्टी वेगळी. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. दाताची धातूची टोपी ओतताना आकसण्याचा हिशेब मी स्वतः पंचवीस वर्षं करतेय. विलास मात्र दिवसभर खुशीत होता. संध्याकाळी कटवडा खाताना वड्यावर बोट आडवं धरून म्हणाला, हा कुठल्या पट्टीने मोजायचा? वड्यावरचा कट, म्हणजे तिखट रस्सा, इतका जहाल होता की मी आधी त्याचाही पाण्याचा ग्लास संपवला. दोघांचे मिळून दोनशेच्या आत, आणि घामाचे वेगळे.

शुक्रवारी ओतकाम झालं. वाळूतून निघालेला पंखा काळा, खरखरीत, जेमतेम तळहाताएवढा. मी व्हर्निअर लावलं नाही. लेथवर तासून, तोल बघून शनिवारी दुपारी इक्बालभाईंनी तो पंपात बसवला, रेडिएटरपुढे जादा पंखा लावला, ब्रेकचं ऑइल बदललं. मधल्या वेळात आम्ही राधानगरीकडे फेरफटका मारून यायचं ठरवलं होतं, पण मी गॅरेजमधून हलले नाही. विलास एकटा एसटीने गेला आणि धरणाची माहिती घेऊन आला, ती मी जेवताना ऐकून घेतली.

गाडी हातात देताना मी इक्बालभाईंना विचारलं, टिकेल ना? ते म्हणाले, ट्रॅकवर मी येतो की.

रविवार. सातला हजर राहायचं होतं. गाडी तपासतात. बॅटरी घट्ट आहे का, बेल्ट नीट आहेत का, ओढायचा हूक आहे का. हेल्मेट भाड्याने मिळतं, पण वास सहन करायची तयारी ठेवा. प्रत्येकाला पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन पाळ्या. इक्बालभाई कडेच्या भिंतीशी उभे राहणार होते. हेल्मेटमध्ये काही ऐकू येणार नाही म्हणून मी घरून शाळेची एक पाटी आणली होती. त्यांना बजावून सांगितलं की गाडीत काही बिघाड दिसला तर पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवा. त्यांनी मान डोलावली.

पहिली फेरी मी लायसन्सच्या परीक्षेसारखी चालवली. दुसरीला वळणं कळायला लागली. तिसरीला मी ब्रेक उशिरा दाबला, गाडी नाक खाली घालून वळली आणि सुटली, आणि मी हेल्मेटच्या आत एकटी खदाखदा हसले. इतकं सुख मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. एका नव्या कोऱ्या हॅचबॅकला मागे टाकलं. चौथ्या फेरीला भिंतीजवळ आले तर इक्बालभाईंनी पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली. वर लिहिलेलं: काटा किर्र.

काटा. चौथी फेरी. मी काट्याकडे पाहिलं, तो मधोमध. म्हणजे अडकलाय, खोटं दाखवतोय, आणि किर्र आवाज पंपातून येतोय. डोळ्यांपुढे ट्रक, ट्रकचा ड्रायव्हर, निलेशच्या द्राक्षमळ्याचं दार. पाय उचलला, रांगत आत आले, इंजिन बंद केलं, उतरले. पंधरापैकी सहाच मिनिटं झाली होती.

इक्बालभाई पळत आले. माझ्यापेक्षा तेच घाबरलेले. काय झालं म्हणून मलाच विचारायला लागले. मी म्हटलं, तुम्हीच लिहिलंत ना, काटा किर्र करतोय. ते एकदा माझ्याकडे, एकदा पाटीकडे बघत राहिले.

“अवो मॅडम, काटा किर्र म्हंजे एक नंबर! लई भारी चाललीया म्हणून लिवलं.”

“पण मी बिघाड दिसला तर लिहा म्हटलं होतं.”

“व्हय. आन चांगलं दिसलं तर सांगाय नको व्हय?”

विलास भिंतीला टेकून इतका हसत होता की त्याला खाली बसावं लागलं. मग उठला, जाऊन भाड्याचं हेल्मेट घेऊन आला आणि म्हणाला, दुसऱ्या पाळीला मी शेजारी बसतो, तू रस्ता बघ, काटा मी बघतो. याआधी दोन्ही वेळा ट्रॅकवर हा माणूस पेपर वाचत बसला होता.

ती पंधरा मिनिटं मी पूर्ण चालवली. विलास एका हाताने दार धरून प्रत्येक वळणाला ओरडत होता, “मध्ये! अजून मध्ये!” लोकांना वाटलं असेल मला रस्ता दाखवतोय. काटा शेवटपर्यंत तसूभर हलला नाही. आत आलो तर इक्बालभाईंनी पाटी पुसून नुसतं ‘बास की आता’ लिहिलं होतं, कारण पाळी संपल्याचा झेंडा पडून गेला तरी मी थांबायला तयार नव्हते. मी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि मला रडू आलं. ते भलतीकडे बघत टेस्टर पुसत बसले.

सोमवारी परत निघालो, गाडी आपल्या चाकांवर आणि आम्ही आपल्या सीटवर. खंबाटकीच्या उतारावर त्याने कबूल केलं. गाडी तिसऱ्यांदाही ट्रकवरच येणार याची त्याला इतकी खात्री होती की निघायच्या आदल्या दिवशीच त्याने निलेशला सांगून टाकलं होतं, सोमवारनंतर घेऊन जा. शब्द दिला होता. आणि विलास दिलेला शब्द फिरवत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे. चाकण आलं, तेच ट्रॅफिक, हीटर बंद, काटा जागच्या जागी, आणि मी नाशिकपर्यंत नुसता रस्ता बघत राहिले. त्याला वाटलं मी चिडलेय. मी गाडीचा निरोप घेत होते.

मंगळवारी सकाळी निलेशचा फोन आला. विलासने तो स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. निलेशने विचारलं, सर, गाडी कशी आहे, गरम वगैरे होत नाही ना?

विलास वर्गात ज्या आवाजात शिकवतो त्या आवाजात म्हणाला, “खरं सांगू का निलेश, काटा किर्र आहे.”

मग निलेशने हळूच विचारलं, “म्हणजे काटा अजून किर्र करतोच? कोल्हापूरला नेऊनसुद्धा?”

“मेकॅनिकने स्वतः लिहून दिलंय. पाटीवर.”

“मग राहू द्या सर. पाहुण्यांसमोर शोभा नको.”

विलासने फोन ठेवला. चहा घेतला, पेपर उघडला, आणि पेपराच्या आडून म्हणाला, पुढच्या वेळी आपण आपली हेल्मेटं विकत घेऊ, भाड्याच्याला फार वास येतो.